मोहल्ल्यात आलेले आयुक्त

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या गल्लीत पोलिसांची गाडी थांबली की तुम्हांला काय वाटते? थोडी भीती वाटते ना? ही भीती दूर करण्यासाठी झटलेल्या एका पोलीस आयुक्तांची ही माहिती आहे. त्यांचे नाव ज्युलिओ रिबेरो.

रिबेरो यांचा जन्म 1929 साली मुंबईत झाला. 1953 साली ते भारतीय पोलीस सेवेत दाखल झाले. 1982 साली ते मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. जिल्ह्यात जमावबंदीचा हुकूम जिल्हाधिकारी काढतात. मुंबईसारख्या शहरात तो अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. म्हणून हे पद मोठ्या जबाबदारीचे आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनीच बंड केले. शहरात लष्कर बोलवावे लागले. आयुक्तांची ती कठीण परीक्षा होती.

पुढे ते गुजरातचे आणि 1986 साली पंजाबचे पोलीस प्रमुख झाले. त्या वेळी पंजाबात दहशतवाद होता. त्याच वर्षी जालंधरमध्ये पोलिसांच्या वेशात आलेल्या हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते व त्यांच्या पत्नी जखमी झाल्या. पण त्यांनी काम सोडले नाही. 1987 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. नंतर ते रुमानियात भारताचे राजदूत होते. तेथेही 1991 साली त्यांच्यावर हल्ला झाला. त्यातूनही ते वाचले.

1992-93 साली मुंबईत भीषण दंगली झाल्या. शेजारी शेजाऱ्याला घाबरू लागला. अनेकांचा पोलिसांवरचा विश्वास उडाला. अशा वेळी भिवंडीचे उदाहरण समोर होते. तेथे 1984 साली मोठी दंगल झाली होती. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या स्थापन केल्या. त्यानंतर 1992-93 साली मुंबई पेटली, तरी भिवंडी शांत राहिली.

मुंबईतही तसेच काम सुरू झाले. आयुक्त सतीश साहनी, निवृत्त रिबेरो आणि समाजसेविका सुशोभा बर्वे यांनी पुढाकार घेतला. हिंदू-मुसलमान रहिवासी आणि पोलीस एकत्र बसू लागले. पाणी, कचरा, सण यांवर बोलता बोलता ओळख वाढली. अफवा आली, तर ती खरी की खोटी हे विचारायला ओळखीचा माणूस मिळाला.

मित्रांनो, मोहल्ला हा शब्द तर आपल्याच घरातला! बंदूक दंगल थांबवू शकते. पण तुटलेली मने जोडायला माणसांनाच एकत्र बसावे लागते. तुम्हीही अफवा ऐकलीत, तर ती पुढे सांगण्याआधी खात्री करा.

शब्दार्थ
आयुक्त – कमिशनर
दंगल – फसाद (उर्दूत दंगल म्हणजे कुस्ती, फरक लक्षात ठेवा.)
अफवा – अफवाह
राजदूत – सफीर
निवृत्त – नोकरी पूर्ण केलेला

स्वाध्याय
1. मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडे कोणता अधिकार असतो?
2. भिवंडी 1992-93 साली शांत का राहिली?
3. 'विश्वास उडणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
4. तुमच्या मोहल्ल्यात समिती असती, तर तिच्यापुढे तुम्ही कोणता प्रश्न मांडला असता? पाच ओळी लिहा.