आधी अल्हम्ब्राचं तिकीट

ग्रानादाच्या अल्हम्ब्रा किल्ल्याच्या तिकिटावर एक वेळ छापलेली असते. ती किल्ल्याच्या बाहेरच्या दारातून आत शिरण्याची वेळ नसते. आतल्या नासरी राजवाड्यांच्या उंबरठ्यावर कधी हजर राहायचं, ते ती सांगते. मुख्य प्रवेशद्वारापासून तिथवर चालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि वेळ टळली की तिकीट हातात असूनही आत सोडत नाहीत. दक्षिण स्पेनच्या छोट्या सहलीत जे काही बिघडतं, त्यातलं बरंचसं या एका वेळेकडे दुर्लक्ष केल्यामुळे बिघडतं.

पुण्यातलं एक जोडपं मे महिन्यात ग्रानादाला पोचलं, तेव्हा त्यांच्याकडे तिकीट होतं, पण तिकिटावर ही वेळच नव्हती. ती वास्तुविशारद. कॉलेजात असताना तिनं अल्हम्ब्रातल्या सिंहांच्या चौकाचा आराखडा हातानं काढला होता. लग्नानंतरची पहिली परदेशवारी स्पेनला करायची, हा आग्रहही तिचाच. अधिकृत संकेतस्थळावर त्या दिवसाची तिकिटं संपली होती, म्हणून त्यानं एका मध्यस्थ संकेतस्थळावरून चढ्या दरानं ‘अल्हम्ब्रा’ लिहिलेली दोन तिकिटं घेतली. ती निघाली फक्त बागा, हेनेरालिफे आणि अल्काझाबा या लष्करी किल्ल्याची. राजवाड्यांच्या दाराशी रखवालदारानं हात आडवा केला, तेव्हा तिनं तिकीट पुन्हा वाचलं आणि म्हणाली, “अरे, यात राजवाडे नाहीतच!”

दुसऱ्या दिवशी पहाटे बार्सिलोनाची गाडी ठरलेली होती. थांबायला सवडच नव्हती.

हा प्रकार त्यांच्यापुरता नाही. अल्हम्ब्राची अनेक तऱ्हेची तिकिटं असतात. सर्वसाधारण दिवसाच्या तिकिटात नासरी राजवाडे येतात. बागांच्या तिकिटात येत नाहीत. रात्रीच्या भेटीचं तिकीट वेगळं, आणि त्यातही राजवाड्यांचं निराळं, बागांचं निराळं. शहरातल्या आल्बाइसिन भागातल्या जुन्या वास्तूंसह मिळणारं ‘दोब्ला दे ओरो’ नावाचं एकत्र तिकीटही असतं आणि साधं तिकीट संपलेलं असताना कधी कधी ते शिल्लक सापडतं. म्हणून तिकीट घेताना ‘नासरी राजवाडे’ हे शब्द आणि त्यांच्यापुढची वेळ दिसल्याशिवाय पैसे भरू नयेत.

तिकिटावर नाव आणि पासपोर्टचा क्रमांक असतो आणि दारावर मूळ पासपोर्ट पाहतात. नव्या जोडप्यांनी इथे जास्त जपायला हवं. आपल्याकडे लग्नानंतर बँकेत, आधारवर, समाजमाध्यमांवर आडनाव बदलतं आणि पासपोर्टवर मात्र माहेरचं राहतं. तिकीट काढणारा नवरा सवयीनं सासरचं आडनाव टाकून मोकळा होतो. विमान, रेल्वे, अल्हम्ब्रा, विमा, हॉटेल, सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहावं, अगदी मधल्या नावासकट.

हा राजवाडा चुकला तर एवढं काय मोठं, असं कुणी विचारेल. नासरी घराण्यातल्या पहिल्या मुहम्मदानं १२३८ मध्ये या टेकडीवर बांधकाम सुरू केलं. चौदाव्या शतकात पहिल्या युसुफनं आणि त्याचा मुलगा पाचव्या मुहम्मदानं कोमारेसचा महाल आणि सिंहांचा चौक उभारला. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल यानं याच किल्ल्याच्या किल्ल्या कॅथलिक राजा-राणीच्या हवाली केल्या. चुनेगच्चीतलं ते कोरीवकाम, पाण्याच्या आरशात उलटा दिसणारा बुरूज, भिंतीभिंतीवर कोरलेल्या अरबी ओळी हे सारं राजवाड्यांच्या आत आहे. बागा सुरेख आहेत, पण एवढा लांबचा प्रवास करून फक्त बागा पाहून परतणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

तिकिटाच्या घोटाळ्यामागे खरा घोटाळा होता तो बेताचा. आठवडाभराच्या रजेत माद्रिद, सेव्हिल, ग्रानादा आणि बार्सिलोना कोंबलं होतं. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ २०११ मध्ये आला आणि आपल्याकडच्या कित्येकांनी स्पेन त्या चित्रपटाच्या वाटेनं पाहायचं ठरवलं. पण त्यातली समुद्राखालची दृश्यं ईशान्येच्या कोस्ता ब्रावाची, टोमॅटोंचा खेळ व्हॅलेन्सियाजवळच्या बुन्योलचा, बैलांची धाव उत्तरेकडच्या पांप्लोनाची. दक्षिणेतलं म्हणाल तर सेव्हिलचा परिसर आणि गाण्यातलं ते गाव, वेल्वा प्रांतातलं आलाहार. ग्रानादाहून बार्सिलोना साडेआठशे किलोमीटरच्या पुढे आहे. पडद्यावर दोन दृश्यांमधलं हे अंतर दिसत नाही. सहलीत ते सामान ओढत कापावं लागतं.

छोटी सहल असेल तर दक्षिणेतल्या एकट्या अंदालुसियावर समाधान मानावं, असं या लेखकाचं ठाम मत आहे. हा प्रांतसमूहच आठ प्रांतांचा आहे आणि त्यातली तीन शहरं नीट पाहायची तर आठवडा पुरत नाही. त्या जोडप्यानं येत्या ऑक्टोबरासाठी नव्यानं बेत आखला, तो याच हिशोबानं. आधी अल्हम्ब्राच्या अधिकृत संकेतस्थळावर राजवाड्यांची मोकळी वेळ पाहिली, ती तारीख पक्की धरली आणि तिच्या पुढेमागे बाकीचे दिवस लावले.

त्यांचा मार्ग कुणालाही उचलता येईल असा आहे. मुंबईहून इस्तंबूलमार्गे मालागा. तिथे एक रात्र; पिकासोचा जन्म १८८१ मध्ये या गावात झाला, त्याचं संग्रहालय पाहायचं. मालागाहून बसनं दीड-पावणेदोन तासांत ग्रानादा, तिथे मुक्काम मोठा. ग्रानादाहून वेगवान गाडीनं दीडेक तासात कॉर्दोबा, एक रात्र. कॉर्दोबाहून सेव्हिल गाडीनं फक्त पाऊण तास. सेव्हिलला उरलेले दिवस आणि मग अडीच तासांत माद्रिद, तिथून परतीचं विमान. येताना एक शहर, जाताना दुसरं, असं तिकीट काढलं की मागे फिरण्यात जाणारा आख्खा दिवस वाचतो. माद्रिद ते सेव्हिल ही स्पेनची पहिली वेगवान रेल्वे १९९२ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं सुरू झाली आणि दक्षिणेतली मोठी शहरं आता तिला जोडलेली आहेत. या गाड्यांसाठी स्थानकात सामान यंत्रातून तपासतात आणि गाडी सुटण्याआधीच फलाटाचं दार बंद होतं. धावत येऊन डबा पकडण्याची सवय इथे कामाची नाही.

कॉर्दोबाला रात्र काढण्याचं कारण सकाळ हे आहे. बहुतेक प्रवासी सेव्हिलहून दिवसापुरते येतात आणि अकरापर्यंत तिथल्या मशीद-कॅथेड्रलमध्ये दाटी होते. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ आत विनामूल्य सोडण्याची रीत आहे. धार्मिक कार्यक्रमांमुळे वेळ बदलू शकते, म्हणून आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी. ७८५ मध्ये पहिल्या अब्द अल-रहमाननं ही मशीद बांधायला घेतली. लाल-पांढऱ्या दुहेरी कमानींखाली आज ८५६ खांब उभे आहेत आणि त्या खांबांच्या रानात मधोमध सोळाव्या शतकात कॅथेड्रल उभं केलेलं आहे. कोवळ्या उन्हात, कुजबुजीइतक्याही आवाजाविना ते पाहणं आणि दुपारी गर्दीत धक्के खात पाहणं, यांत फार फरक आहे.

सेव्हिलमध्ये अल्काझार हा राजवाडा आणि कॅथेड्रल या दोन्हींची तिकिटं वेळेसह आधी काढावीत. कॅथेड्रलचा हिराल्दा मनोरा मूळचा मशिदीचा; त्यावर चढायला बहुतांशी पायऱ्यांऐवजी चढणीचे उतार आहेत. बांगेसाठी वर घोड्यावरून जाता यावं म्हणून ते तसे केले, असं सांगतात. गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही तो मनोरा सहसा जमतो. एखादा दिवस सुटा असेल तर रोंदाला जावं. तिथला ‘नवा पूल’ १७९३ मध्ये पुरा झाला आणि तो दरीच्या तळापासून ९८ मीटर उंच आहे.

हवामानाकडे भारतीय प्रवासी जरा बेफिकिरीनं पाहतात. आपण विदर्भाचा उन्हाळा सोसलेले, आपल्याला काय, ही भाषा सेव्हिलमध्ये चालत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कॉर्दोबा प्रांतात पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. घरी आपण त्या उन्हात दुपारी बाहेर पडत नाही. सहलीत मात्र दुपारीच भटकतो. जुलै-ऑगस्ट टाळावेत. शाळेच्या सुट्टीमुळे मे गाठावा लागला तर पहिला पंधरवडा बरा, कॉर्दोबातली घरं तेव्हा आपले फुलांनी सजवलेले चौक लोकांना पाहायला उघडी ठेवतात. फक्त सेव्हिलचा ईस्टरचा आठवडा आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी भरणारी जत्रा यांच्या तारखा पाहाव्यात. मिरवणुका अप्रतिम असतात, पण खोल्यांचे भाव चढतात आणि रस्ते बंद होतात.

दिवसाचं वेळापत्रक हा दोघांच्या भांडणाचा ठरलेला विषय. दुपारी दुकानं बंद, हे पुणेकराला नवीन नाही. नवीन असते ती जेवणाची वेळ. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळात बऱ्याच खाणावळींची चूल बंद. जूनमध्ये सूर्यच पावणेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आठ वाजता जेवायला बसणारा माणूस तिथे उपाशी फिरतो. या जोडप्याची पहिल्या सहलीतली मोठी कुरबूर अशीच सायंकाळी सहाला, भुकेल्या पोटी झाली होती. सोपी तोड अशी: सकाळी एखादी वास्तू, अडीच वाजता भरपेट जेवण, मग खोलीवर आडवं होणं आणि सातनंतर पुन्हा बाहेर पडून तापास, म्हणजे छोट्या बशीतले पदार्थ, थोडे थोडे खात हिंडणं. ग्रानादात पेय मागवलं की सोबत तापास बहुतेक ठिकाणी फुकट येतं.

शाकाहारी जोडीदार असेल तर नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. भाजीत हामोनचे, म्हणजे वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि सॅलडमध्ये ट्यूना. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ असं तिन्ही सांगावं, म्हणजे मांस, मासे आणि हामोन नको. साल्मोरेखो हे टोमॅटोचं दाट गार सूप मागवताना वरचं अंडं आणि हामोन काढायला सांगावं. सेव्हिलचा पालक-छोले, मधात किंवा काकवीत घोळलेली तळलेली वांगी, मालागाचं बदाम-लसणाचं आहोब्लांको, टोमॅटो चोळलेला पाव यांवर चांगलं पोट भरतं. बाकरवडी, खाकरा बरोबर न्यावा. तूप, पेढे, पनीर मात्र नेऊ नयेत. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

व्हिसाबद्दल. स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निकालाला एरवी पंधरा दिवस लागतात, पण हा काळ पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. मोठ्या माणसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा. नवरा-बायकोचे अर्ज स्वतंत्र असतात, प्रत्येकाची कागदपत्रं पूर्ण हवीत. व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचं नुसतं आरक्षण आणि रद्द करता येणारी हॉटेलं ठेवावीत. अल्हम्ब्राचं तिकीट तेवढं आधीच काढावं. व्हिसा नाकारला गेला तर माणशी वीसेक युरो बुडतील. व्हिसाची वाट पाहत बसलं तर राजवाडे हातचे जातील. यातला पहिला तोटा पत्करण्याजोगा आहे. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमानं वापरले असतील तर २०२४ पासून भारतीयांना दोन वर्षांचा, अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो, म्हणून जुने पासपोर्ट सांभाळून ठेवावेत.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला वेळ लागतो. माद्रिदला उतरून लगेच पुढचं विमान वा गाडी धरायचा बेत ठेवू नये.

भाड्याची गाडी फक्त खेड्यांसाठी घ्यावी. ग्रानादाच्या जुन्या भागात वाहनांवर कॅमेऱ्यांची नजर असते आणि परवानगीविना शिरल्यास दंड घरपोच येतो. अल्हम्ब्राला शहरातून सी-३० आणि सी-३२ या छोट्या बस जातात, त्या पुरेशा आहेत. वास्तूंबाहेर कुणी रोजमेरीची डहाळी हातात देऊ लागलं तर घेऊ नये, लगेच पैशांची मागणी होते. मूळ पासपोर्ट जवळ बाळगावा लागतो, तेव्हा तो मागच्या खिशात नको.

आणखी एक गोष्ट त्या दोघांनी या वेळी निघण्याआधीच केली. प्रत्येकानं आपली एकच न सोडण्याची जागा सांगितली. तिची सिंहांचा चौक, त्याची ग्रानादातल्या साक्रोमोन्तेच्या गुहेतला फ्लामेंको नाच. बाकी सगळं थकवा पाहून वगळायचं, असं ठरलं.

नाताळच्या सुट्टीत जाणारेही बरेच असतात. ग्रानादा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, सिएरा नेवादाच्या पायथ्याशी आहे आणि रात्री कडाक्याची थंडी पडते. जाड कपडे न्यावेत. तारखा लावताना एवढं पाहावं, की अल्हम्ब्रा वर्षातून दोनच दिवस बंद असतो: २५ डिसेंबर आणि १ जानेवारी.