विहिरीचे पाणी व शेजाऱ्याचा हक्क

(शास्त्रपाठ : उत्पत्ति १:२६-२८, २६:१७-२२, योहान ४:५-२६, याकोब २:१-९)

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात कळंबेश्वर म्हणून एक गाव आहे. सन २०१६ च्या मार्च महिन्यात, पाण्याच्या टंचाईचे दिवस असता, तेथील एका मजुराची पत्नी दुसऱ्याच्या विहिरीवर गेली, आणि तिला पाणी न देता अपमान करून परत लाविण्यात आले. कुटुंब दलित व गरीब. तो मजूर मालेगावास गेला, त्याने खणण्याची अवजारे विकत आणिली, देवाची प्रार्थना केली व कामास लागला. जवळच्या तीन विहिरी व एक कूपनलिका कोरड्या पडलेल्या. जमिनीत पाणी आहे की नाही, हे कोणी पाहून सांगितलेले नव्हते. गावचे लोक हसले, घरच्यांनीही प्रथम हात लाविला नाही. आठ तासांची मजुरी सांभाळून, तिच्या आधी व नंतर मिळून रोज सहा तास, असे त्याने चाळीस दिवस खणले, आणि पाणी लागले. वर्तमानपत्रवाल्यांनी त्या विहीरमालकाचे नाव विचारले तेव्हा, गावात रक्तपात नको, असे म्हणून त्याने ते सांगितले नाही.

ही हकीकत सांगणारे बहुतेक त्या माणसाच्या उद्योगाची स्तुती करून थांबतात. स्तुती योग्यच आहे. परंतु त्याने विहीर खणली नसती, किंवा खणूनही खडकच लागला असता, तर? त्याच्या पत्नीस पाणी मिळण्याचा हक्क होता की नव्हता? आणि होता, तर तो तिला कोणी दिला होता? ह्या दोन प्रश्नांचा विचार ह्या आठवड्याच्या पाठात करावयाचा आहे.

प्रथम कायद्याचे उत्तर पाहू. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५ प्रमाणे, सरकारी पैशाने राखलेल्या अथवा सर्व लोकांकरिता मोकळ्या केलेल्या विहिरी, तळी व घाट ह्यांवर जातीमुळे वा धर्मामुळे कोणास अडविता येत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने असे अडविणे शिक्षेस पात्र ठरविले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन सामाईक पाण्याची अडवणूक हा गुन्हा म्हणून स्पष्ट घातला गेला. इतके सर्व असूनही दोन जागी कायद्याचा हात आखूड पडतो. विहीर जेथे एकट्याच्या मालकीची, तेथे तो सहज पोहोचत नाही. दुसरी गोष्ट आमच्या लोकांची. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींत हिंदू, आणि १९५६ व १९९० च्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्ध, एवढेच मोजले जातात. यास्तव ख्रिस्ती झालेल्या दलितास १९८९ च्या कायद्याचा आधार मागता येत नाही. विहिरीवर मात्र त्याची जात कोणी विसरलेले नसते.

आता शास्त्राकडे वळू. आमचे काही वृद्ध बंधू म्हणतात की, हक्काची भाषा जगाची आहे, विश्वासणाऱ्याने कर्तव्याविषयी बोलावे. आणि दाखला इसहाकाचा देतात. गराराच्या गुराख्यांनी त्याच्या दोन विहिरींवरून तंटा केला तेव्हा तो त्या सोडून पुढे गेला व तिसरी खणली. दाखला खरा आहे, पण तो नीट वाचावा. इसहाकाने सोडला तो आपला स्वतःचा हक्क. दुसऱ्या तहानेल्या मनुष्यास, तूही सोड, असे त्याने सांगितले नाही. स्वतःचा हक्क सोडणे ही कृपा असू शकेल. दुसऱ्याचा सोडविणे ह्याला शास्त्रात वेगळे नाव आहे. शेजाऱ्याचा जो हक्क तेच माझे कर्तव्य. गोष्ट एकच, पाहण्याची बाजू निराळी. देवापुढे कोणाचाही हक्क चालत नाही, हे आम्ही मान्य करितो. पण विहिरीचा मालक म्हणजे देव नव्हे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा केलेला आहे, नर व नारी दोघेही. तेथे अजून इस्राएल नाही, मंडळी नाही, बाप्तिस्मा नाही. म्हणून हा मान विश्वासामुळे मिळालेला नसून निर्मितीबरोबर आलेला आहे, आणि तो ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्याचाही तितकाच आहे. महाराष्ट्रात ही गोष्ट ठामपणे मांडणारे जोतीराव फुले ख्रिस्ती नव्हते. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले होते एवढेच. १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात सर्व स्त्रीपुरुषांचे समान हक्क त्यांनी निर्माणकर्त्यापासून आलेले मानिले. पण पुस्तकाच्या कितीतरी आधी, १८६८ साली, त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता. हौद खासगी होता, हे ध्यानात ठेवावे. कोणत्याही कायद्याने त्यांस तसे करणे भाग नव्हते.

ह्याच्या उलट महाडचे चवदार तळे. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले, तरी पाणी कोणी घेऊ धजेना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी तेथे पाणी प्याले, तेव्हा धर्म बाटला म्हणून मारहाण झाली आणि मागाहून पंचगव्याने तळे शुद्ध करण्यात आले. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले. ज्यांनी तळे शुद्ध केले तेही आपल्या श्रद्धेचा हक्कच सांगत होते. यास्तव, कोणाच्या श्रद्धेने दुसऱ्याच्या घशाला कोरड पडत असेल, तर तिला हक्क म्हणावे काय, हे पाहिलेच पाहिजे. घटनेनेही ते पाहिले आहे. कलम २५ आम्हां अल्पसंख्यांकांस तोंडपाठ असते. पण त्याच्या आरंभीच ते सुव्यवस्था, नीती, आरोग्य व इतर मूलभूत हक्क ह्यांच्या अधीन केलेले आहे. तो भाग आम्ही सहसा म्हणून दाखवीत नाही.

उपासनेचा हक्क लहान नाही. त्याच मालेगाव तालुक्यात शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे देऊळ आहे. त्याविषयी श्वेतांबर व दिगंबर ह्या दोन जैन पंथांचा वाद १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९८१ मध्ये दाराला कुलूप लागले ते २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निघाले. भक्तांची त्यातील तळमळ आम्ही समजू शकतो. आमच्याही मंडळ्या जमिनी व इमारतींसाठी कोर्टात वर्षानुवर्षे उभ्या असतात. एका घागरीसाठी आमच्यापैकी कोणी कोर्टाची पायरी चढल्याचे मात्र आम्ही पाहिले नाही.

हे लिहिण्यास एक कारण घडले, ते झाकून ठेवणे बरे नव्हे. आमच्या फेरीतील एका गावी प्रार्थनामंदिराच्या आवारात हापशी आहे. गेल्या उन्हाळ्यात उपासनेनंतर आम्ही पाहिले की, मातंग घराण्यातील एक विधवा बहीण, मंडळीची सभासद, आपली कळशी घेऊन दूर उभी आहे, आणि निराळ्या जातीतून विश्वासात आलेल्या घरांच्या घागरी भरत आहेत. आम्ही वडिलांस विचारले. ते म्हणाले, “पाळकसाहेब, ती मागूनच भरते. तिची तशी सवयच आहे.” नुकताच आम्ही योहानाच्या चवथ्या अध्यायावर उपदेश केला होता : प्रभूने शोमरोनी स्त्रीच्या भांड्यातले पाणी मागितले, ज्या भांड्यास यहूदी शिवत नसत. आणि वडिलांच्या उत्तरावर आम्ही काही न बोलता चहास गेलो.

येत्या महिन्यात आमची फेरी त्या गावी आहे. हा पाठ तेथे वाचावयाचा आहे. परंतु त्याआधी आदल्या संध्याकाळी त्या बहिणीच्या घरी जाऊन, आम्ही त्या दिवशी गप्प बसलो ह्याबद्दल तिची क्षमा मागणार, आणि मंडळीपुढे ही गोष्ट बोलावी अशी तिची इच्छा आहे की नाही, हे तिलाच विचारणार आहो. पाणीही तिच्याच कळशीतले मागू.