दुधाच्या दातांची राखण

दात वाकडे आले तर बाराव्या-तेराव्या वर्षी तारा लावता येतातच. मग सात वर्षांच्या मुलाला दंतरचनातज्ज्ञाकडे (ऑर्थोडॉन्टिस्टकडे) नेण्याची घाई कशासाठी, अशी पृच्छा पालक व देणगीदार अनेकदा करतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. तज्ज्ञांकडून जे समजले ते येथे मांडीत आहे.

दुधाचे दात पडणारच, तेव्हा किडलेली दाढ काढून टाकावी, हा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. वयाच्या ६व्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे कायमची पहिली दाढ उगवते. ती कोणताही दात पाडून येत नसल्याने पुष्कळ पालक तिलाही दुधाचीच समजतात. तिच्यापुढील दुधाची दाढ अकाली गेली, की ही नवी दाढ पुढे सरकते आणि १० ते १२व्या वर्षी येणाऱ्या उपदाढेला जागा उरत नाही. ती वाकडी येते अथवा हाडातच अडकते. ‘स्पेस मेंटेनर’ ही साधी तारेची कडी ती जागा राखते. पुढील दीड-दोन वर्षांच्या उपचारांच्या मानाने तिचा खर्च किरकोळ असतो, ही बाब हिशेब पाहणाऱ्यास विशेष भावते.

प्रत्येक बालकास लवकर तारा लावाव्यात, असे मात्र नव्हे. पुढे आलेल्या वरच्या दातांवर लवकर सुरू करून दोन टप्प्यांत केलेला उपचार किशोरवयातील एकाच उपचाराहून अंती सरस ठरत नाही, असे चाचण्यांत आढळले आहे. पडून दात तुटण्याचा धोका तेवढा घटतो. उलटा चावा किंवा अंगठा चोखण्याची सवय यांकडे मात्र वेळीच पाहावे.

दुभंगलेले ओठ व टाळू असलेल्या बालकांत विलंब सर्वांत महाग पडतो. हिरडीच्या हाडातील फट भरण्याची शस्त्रक्रिया कायमचा सुळा येण्यापूर्वी, साधारणतः ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान करावी लागते. त्याआधी अनेकदा वरचा जबडा रुंद करावा लागतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील तपासणीत हे व्यंग तसेच दंतविकार, दोन्ही अंतर्भूत आहेत.

कराड, सांगली व कवलापूर येथे दंत महाविद्यालये आहेत. जत, आटपाडी किंवा माण तालुक्यातील कुटुंबास अडचण वाटते ती वारंवारच्या फेऱ्यांची. प्रत्येक फेरीत एका दिवसाची मजुरी बुडते. यास्तव दंतोपचारासाठी देणगी देताना ती बालकाच्या व सोबतच्या पालकाच्या प्रवासखर्चासही वापरता येईल, असे पत्रात नमूद करावे, ही विनंती.