साठवण यंत्रातील ‘रेड’ रचना : निवड आणि बदल

अभिलेख कक्षातील रुमालात बांधलेल्या दप्तरांची जागा आता संगणकाच्या जाळ्याला जोडलेल्या एका लहानशा पेटीने घेतली आहे. या पेटीस नेटवर्क साठवण यंत्र म्हणतात. तीत दोन, चार किंवा अधिक हार्ड डिस्क बसविलेल्या असतात. या डिस्कनी परस्परांशी कोणत्या नात्याने काम करावे हे ठरविणाऱ्या व्यवस्थेचे नाव ‘रेड’. यंत्र प्रथम सुरू करतानाच ही रचना निवडावी लागते, आणि नेमकी त्याच वेळी सर्वांना घाई असते.

या कल्पनेस नाव व शास्त्रीय मांडणी मिळाली ती १९८८ साली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात असे प्रतिपादन केले की, एका मोठ्या व महागड्या डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात. मात्र डिस्क जितक्या अधिक, तितका त्यांपैकी एखादी बिघडण्याचा संभवही अधिक. म्हणून थोडी जागा सुरक्षिततेसाठी राखणे क्रमप्राप्त ठरले. नावातील ‘स्वस्त’ या शब्दाच्या जागी पुढे ‘स्वतंत्र’ हा शब्द रूढ झाला. त्यामागील व्यापारी शहाणपण वाचकांच्या ध्यानी येईलच.

रेड-० या रचनेत माहितीचे तुकडे करून ते सर्व डिस्कवर वाटले जातात. वेग वाढतो, पूर्ण जागा वापरता येते. परंतु एक डिस्क गेली की सारेच जाते. प्रस्तुत लेखकाने हे एका कार्यालयात प्रत्यक्ष पाहिले आहे. चार टेराबाइटच्या दोन डिस्क होत्या. पडद्यावर आठ टेराबाइट जागा दिसते म्हणून हीच रचना पसंत करण्यात आली. तीन वर्षांनी एक डिस्क निकामी झाली. १९७२ च्या दुष्काळातील कामांची छायाचित्रे मूळ निगेटिव्ह कपाटात असल्यामुळे पुन्हा स्कॅन करता आली. अलीकडच्या डिजिटल छायाचित्रांना निगेटिव्ह कोठून असणार? ती कायमची गेली. पन्नास वर्षांपूर्वीचे उरले आणि कालपरवाचे नाहीसे झाले.

रेड-१ मध्ये दुसरी डिस्क पहिलीची तंतोतंत प्रतिकृती असते. वरील उदाहरणात जागा चारच टेराबाइट मिळाली असती, पण छायाचित्रे वाचली असती. दोन डिस्कच्या यंत्रासाठी हीच रचना आमच्या मते योग्य होय.

तीन वा अधिक डिस्क असल्यास रेड-५ चा विचार करता येतो. तिचे तत्त्व शाळकरी गणिताचे आहे. तीन डिस्कवर ७, ५ आणि ९ हे आकडे आहेत व चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहिली आहे, असे समजा. ५ असलेली डिस्क नष्ट झाली तरी २१ मधून ७ व ९ वजा करून तो आकडा परत मिळतो. प्रत्यक्षात ही बेरीज द्विमान अंकांची, हातचा न धरता केलेली असते आणि ती सर्व डिस्कवर आळीपाळीने ठेवली जाते. चार टेराबाइटच्या चार डिस्कमधून अशा रीतीने बारा टेराबाइट उपलब्ध होतात. रेड-६ दोन डिस्कचा बिघाड सोसते, मात्र त्याच चार डिस्कमधून आठच टेराबाइट देते.

आता बदलाविषयी. डिस्क वाढवून रेड-१ वरून रेड-५ वर, किंवा रेड-५ वरून रेड-६ वर जाण्याची सोय अनेक यंत्रांत आहे. त्यासाठी यंत्र सर्व माहिती वाचून नव्याने मांडते. या कामास अनेक तास, क्वचित काही दिवसही लागतात, आणि त्या काळात वीज जाणे धोक्याचे असते. यूपीएसची बॅटरी आधी तपासून घ्यावी. उलट दिशेने, किंवा रेड-० वरून रेड-१ वर जाताना बहुतेक यंत्रे डिस्क पूर्ण पुसूनच नवी रचना करतात. तशी सूचना पडद्यावर येते. ती न वाचता संमतीचे बटण दाबणारेही आढळतात. यास्तव प्रथम सर्व माहितीची प्रत अन्य डिस्कवर घ्यावी, त्या प्रतीतील काही फाइली उघडून पाहाव्यात आणि मगच रचनेस हात घालावा.

रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. चुकून पुसलेली फाइल रेड-१ मध्ये त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून पुसली जाते. आग, चोरी वा पुराचे पाणी तर अख्खी पेटीच नेते. वर उल्लेखिलेल्या कार्यालयात आता रेड-१ आहे. शिवाय दर शुक्रवारी सायंकाळी एक वेगळी डिस्क प्रत घेऊन दुसऱ्या इमारतीतील कपाटात जाते, आणि तिची नोंद आवक-जावक नोंदवहीत होते.