देणगी रुग्णापर्यंत पोचते का?

प्रश्न : आईच्या स्मरणार्थ काही रक्कम नैराश्य आणि आत्महत्या-प्रतिबंधाच्या संशोधनाला द्यायची आहे. पण हा पैसा नुसता अहवालांत जिरतो, असं ऐकलंय. रुग्णाच्या पदरात खरंच काही पडतं का?

उत्तर : पडतं. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश धर्मादाय संस्थेच्या पैशावर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत समुपदेशनही मिळालं. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाला सुटलेली कामं, तुटलेल्या गाठीभेटी हळूहळू पुन्हा सुरू करायला मदत करत. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण सावरले होते. दुसऱ्या गटात ३९ टक्के. आत्महत्येचे विचार आणि प्रयत्नही कमी आढळले.

असा प्रयोग औषध कंपनीने कशाला करावा? विकायला गोळीच नाही. म्हणून इथे देणगीचं मोल मोठं.

अमरावती जिल्ह्यातल्या ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य प्रकल्पामागेही टाटा ट्रस्ट्‌सचा पैसा होता. तिथल्या ३० गावांत उपचारांपर्यंत पोचणारे नैराश्यग्रस्त ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

रक्कम देण्याआधी संस्थेला एवढं जरूर विचारावं : निष्कर्ष प्रसिद्ध होतात का, अपयशी ठरलेलेही?