आज्ञावलीलेखन : साधा एडिटर की संपूर्ण साधनसंच?

संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक निवड करावी लागते. नोटपॅडसारखा साधा टेक्स्ट एडिटर घ्यावा, की लेखन, भाषांतर व चूकशोध एकाच पडद्यावर करून देणारा संपूर्ण साधनसंच? आज्ञावली अखेर निव्वळ अक्षरांची फाईल असल्याने संगणकाला दोन्ही सारखेच. फरक पडतो तो शिकणाऱ्याच्या समजुतीत.

साध्या एडिटरमध्ये मजकूर लिहून फाईल जतन करावयाची, कंपायलरला निराळी आज्ञा देऊन तिचे यंत्रभाषेत रूपांतर करावयाचे आणि मग ती चालवून पाहावयाची. चूक निघाल्यास कंपायलर ओळीचा क्रमांक सांगतो व पुन्हा प्रारंभापासून सारे करावे लागते. १९८३ साली बोरलँड कंपनीच्या टर्बो पास्कलने हा हेलपाटा वाचविला. चूक सापडताच कर्सर त्या जागी जाऊन उभा राही, आणि किंमत होती पन्नास डॉलरांच्या आत! याच कंपनीचे टर्बो सी भारतातील महाविद्यालयांत वर्षानुवर्षे वापरले गेले. त्यातून निळ्या पडद्यावर कंट्रोल आणि एफ-९ दाबणे म्हणजेच सी भाषा, अशी अनेकांची समजूत झाली. कंपायलर हे स्वतंत्र साधन आहे याचा त्यांना पत्ताच नसे. असा विद्यार्थी दूरच्या सर्व्हरवर काम करू लागला, जेथे बिल जॉय यांनी १९७६ साली रचलेल्या व्हीआयचा वंशज व्हिम तेवढा हाताशी असतो, की त्याचे पाऊल पुढे पडत नाही.

म्हणून प्रारंभीचे काही आठवडे एडिटरचेच असावेत. वर्ड प्रोसेसर मात्र या कामाचा नव्हे; तो सरळ अवतरणचिन्हे आपण होऊन वक्र करतो व कंपायलर ती नाकारतो. आज्ञावलीत मराठी मजकूर असल्यास आणखी एक दक्षता घ्यावयास हवी. २०१९ पूर्वीचे नोटपॅड फाईल सहसा अ‍ॅन्सी पद्धतीने जतन करी. त्याच्या सूचनेकडे दुर्लक्ष झाले, की देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरे आणि फाईल बंद केल्यावर मूळ मजकूर परत मिळत नसे. अशा जुन्या संगणकावर यूटीएफ-८ ही पद्धत स्वतः निवडावी.

एका फाईलीच्या चाळीस झाल्या, की पारडे फिरते. वेतनाच्या हिशेबातील ‘रेट’ हे नाव सर्वत्र बदलावयाचे झाल्यास एडिटरचा सरसकट बदल ‘सेपरेट’लाही हात लावतो. साधनसंचाला भाषेचे व्याकरण कळत असल्याने तो नेमके तेच नाव बदलतो. वेतनपत्रकात एक रुपयाचा फरक कोठे शिरतो हे शोधताना तर त्यातील डिबगरला तोड नाही. हव्या त्या ओळीवर आज्ञावली थांबवून प्रत्येक चलाचे मूल्य पाहता येते. जुन्या संगणकावर हा साधनसंच उघडेपर्यंत चहा पिऊन होतो, ही गोष्ट वेगळी.

२०१६ साली मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केल्यापासून ही सीमारेषा पुसट झाली आहे. व्याकरण जाणणारा सर्व्हर निराळा चालतो आणि कोणताही एडिटर त्याचा सल्ला घेऊ शकतो. व्हिम वापरणाऱ्यालाही आता तो अचूक नावबदल मिळतो. मात्र सर्व्हर कोणता बसवावयाचा आणि आज्ञावलीच्या फाईली कोठे आहेत, हे त्याला स्वतःच सांगावे लागते.