चालती गाडी बंद पडली, आता खर्च कुठे करायचा?

गाडी बारा-पंधरा वर्षांची. वॅगन आर, सँट्रो, अल्टो किंवा जुनी 800. सिग्नलला किंवा घाटात इंजिन अचानक बंद पडतं आणि कितीही सेल्फ मारला तरी धरत नाही. अर्ध्या तासाने मेकॅनिक येतो, किल्ली फिरवतो आणि गाडी एका झटक्यात चालू! डॉक्टरकडे पोचेपर्यंत ताप उतरावा, तशातला प्रकार. मग अंदाजपंचे पार्ट बदलायला सुरुवात होते. आधी प्लग, मग कॉइल, मग पंप. बिल वाढत जातं आणि पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा त्याच चौकात उभी.

अशा बिघाडाची सगळ्यात स्वस्त तपासणी गाडी बंद असतानाच होते, कारण दोष त्या वेळी हजर असतो. ती करायला मेकॅनिक लागत नाही.

रस्त्यावरची पाच मिनिटं : खर्च शून्य

आधी पार्किंग लाइट लावा, जमेल तितकी गाडी कडेला घ्या आणि मागे त्रिकोण ठेवा. द्रुतगती मार्गावर गाडीत बसून राहू नका, कठड्यापलीकडे उभे राहा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे. मग या गोष्टी पाहा आणि मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढून ठेवा.

1. तापमानाचा काटा. लाल रेघेजवळ असेल तर सेल्फ मारू नका, रेडिएटरचं झाकणही उघडू नका. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारला तर हेड गॅस्केटचं काम निघू शकतं.

2. किल्ली ‘ऑन’ केल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत तो लागायलाच हवा. लागत नसेल तर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वीज पोचत नसण्याची शक्यता मोठी. संशय फ्यूज, मेन रिले किंवा इग्निशन स्विचवर. किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली लावून पाहा.

3. मागच्या सीटखालून ‘गूंऽऽ’ असा दोन सेकंदांचा आवाज येतो का? तो टाकीतल्या पेट्रोल पंपाचा. रेडिओ, पंखा बंद करून, काचा वर करून ऐका.

4. सेल्फ कसा फिरतो? नेहमीसारखा, रखडत, फक्त ‘टक’ आवाज करून की नेहमीपेक्षा फारच हलका, सर्रकन? या एका उत्तराने अर्धं निदान होतं.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धं मिनिट जाऊ द्या. नाहीतर बॅटरीही बसते आणि एका दुखण्याची दोन होतात.

सेल्फ रखडतो किंवा फिरतच नाही

दोष बहुधा बॅटरीच्या बाजूला. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमली आहे का, क्लॅम्प हाताने हलतो का, ते पाहा. गरम पाणी, ब्रश आणि दहा नंबरचा पाना एवढ्यावर हे काम भागतं. खर्च काहीच नाही.

पण चालती गाडी बंद पडली असेल तर नुसती बॅटरी बदलून भागणार नाही. इंजिन चालू असताना गाडीला वीज अल्टरनेटर पुरवतो. तो निकामी झाला की गाडी बॅटरीच्या जोरावर काही काळ चालते, हेडलाइट मंद होत जातात आणि शेवटी इंजिन बंद पडतं. तीन-चारशे रुपयांच्या मल्टिमीटरने हे कळतं. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसतात, चालू असताना 13.8 ते 14.4. चालू इंजिनवरही आकडा 12.5 च्या खाली रेंगाळत असेल तर नव्या बॅटरीसाठी चार हजार घालवण्याआधी अल्टरनेटर तपासून घ्या. बरेचदा त्यातले कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर बदलून काम होतं.

सेल्फ छान फिरतो, इंजिन धरत नाही

आता प्रश्न एकच : करंट नाही की पेट्रोल नाही?

पंपाचा आवाज आलाच नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंपाची वायर आणि सगळ्यात शेवटी पंप. हा क्रम उलटा झाला की शंभर-दोनशेच्या रिलेपायी पाच हजारांचा पंप गळ्यात पडतो. आवाज येतो म्हणजे पंप ठणठणीत असंही नाही. इंजेक्शनच्या बहुतेक छोट्या गाड्यांना तीन बारच्या आसपास दाब लागतो. गेज लावून तो मोजता येतो. मोजल्याशिवाय पंप बदलू देऊ नका.

करंट पाहण्यासाठी प्लगची वायर काढून बॉडीला टेकवायची जुनी पद्धत अजून दिसते. स्वतः करू नका. झटका जोरदार बसतो आणि पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पडते. दोन-तीनशे रुपयांचा स्पार्क टेस्टर प्रत्येक गॅरेजमध्ये असायला हवा.

सेल्फ सर्रकन, हलका फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय घ्या. धक्का मारू नका, सेल्फही मारू नका, गाडी टो करून न्या. काही इंजिनांत बेल्ट तुटल्यावर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं.

गरम झाली की बंद, थंड झाली की चालू

मालकाला सगळ्यात जास्त नाचवणारा बिघाड हाच. एमपीएफआय गाडीत पहिला संशय क्रँक किंवा कॅम सेन्सरवर, दुसरा इग्निशन कॉइलवर, तिसरा थकलेल्या पंपावर. आरपीएमचा काटा असेल तर सेल्फ मारताना त्याच्याकडे पाहा. नेहमी थरथरणारा काटा शून्यावर चिकटून राहिला तर सेन्सरचा संशय बळावतो.

कार्बोरेटरच्या जुन्या 800 मध्ये पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो. उन्हाळ्यात घाट चढताना नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटांत गाडी चालू झाली तर रोग कळला. त्यासाठी कार्बोरेटर बदलू नका. नळीची जागा, पंपाचा पडदा आणि कूलिंग तपासा. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या लवकर कडक होऊ शकतात. त्याही पाहून घ्या.

सीएनजी गाडीत एक सोपी कसोटी आहे. गॅसवर बंद पडली तर पेट्रोलवर चालवून पाहा. पेट्रोलवर व्यवस्थित चालली तर दोष बहुधा किटच्या बाजूला.

साधारण दर

हे दर साध्या गॅरेजमधले, छोट्या पेट्रोल गाडीचे, मजुरीसह अंदाजे आहेत. गावागणिक आणि पार्टच्या ब्रँडप्रमाणे फरक पडेल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जास्त धरा.

- मेकॅनिकची जागेवर भेट : 300 ते 600 रुपये
- स्कॅनर लावून तपासणी : 300 ते 1,000
- फ्यूज किंवा रिले : 50 ते 400
- प्लगचा संच : 400 ते 900
- पेट्रोल फिल्टर : 300 ते 900
- क्रँक किंवा कॅम सेन्सर : 800 ते 2,500
- इग्निशन कॉइल : 1,200 ते 3,000
- बॅटरी : 3,500 ते 5,000
- अल्टरनेटर दुरुस्ती : 800 ते 2,500
- पेट्रोल पंप : 2,500 ते 6,500
- टायमिंग बेल्ट, टेन्शनरसह : 2,500 ते 5,000
- शहरात टोइंग : 1,500 ते 3,000

आता हिशेब करा. अंदाजाने प्लग 600, कॉइल 2,000 आणि पंप 4,500 असे बदलले तर 7,100 रुपये गेले. शेवटी निघाला रिले, 250 रुपयांचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. तपासणीचे हजार रुपये सुरुवातीलाच दिले असते तर सहा हजारांच्या आसपास वाचले असते.

गॅरेजमध्ये काय बोलाल

‘पंप बदला’ असं सांगू नका. काय झालं ते सांगा : किती चालल्यावर बंद पडली, इंजिन गरम होतं का, दिवे कोणते लागले, पंपाचा आवाज आला का, किती वेळाने चालू झाली. सोबत व्हिडिओ दाखवा. गरम झाल्यावरचा दोष असेल तर गाडी एक दिवस ठेवा आणि गरम करून, बंद पडल्यावरच तपासायला सांगा.

स्कॅनरने कोड दाखवला म्हणजे पार्ट खराबच, असंही नाही. सेन्सरचा कोड तुटलेल्या वायरमुळे किंवा गंजलेल्या कनेक्टरमुळेही येतो. ‘वायर तपासली का?’ हा प्रश्न जरूर विचारा. तपासणीची मजुरी वेगळी ठरवा, जुना पार्ट परत मागा आणि नव्याची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

कुठे थांबायचं?

रिले, सेन्सर, कॉइल, पंप यांतला एखादा पार्ट गेला म्हणून गाडी विकू नका. इतक्या खर्चात दुसरी गाडी येत नाही. मात्र हेड उतरवायची वेळ आली आणि नोंदणीची 15 वर्षंही भरत आली असतील तर नूतनीकरणाचं शुल्क, पर्यावरण कर, पत्र्याचं काम आणि टायर हे सगळं एका कागदावर मांडा. ती बेरीज गाडीला आज मिळणाऱ्या किमतीच्या निम्म्यावर गेली तर दुरुस्ती थांबवा. त्याच्या आत असेल तर गाडी खुशाल दुरुस्त करा, पण पैसे आधी तपासणीला द्या आणि मग पार्टला.